वरच्या पट्ट्या

वाशीच्या स्टँडवर उतरेपर्यंत संघप्रियाचे पाय सुजले होते. सास्तूरहून जीपनं लोहारा, तिथून एसटीनं धाराशिव, धाराशिवला बस बदलून वाशी. आठवडाभर उपकेंद्रात लसीकरण, बाळंतिणी, घरोघरचा सर्व्हे, आणि हाताला लागणारा एक रविवार तोही असा रस्त्यावर. पेटी शोधायची म्हणून वडिलांना, आबांना, घेऊन तिनं तुळजापूर पाहिलं, उमरगा पाहिलं, सोलापूरच्या तर दोन खेपा झाल्या. कुठं भाता फुटका, कुठं पट्ट्या खिळखिळ्या, कुठं दुकानदारच इतका गोड बोलणारा की आपोआप हात आखडावा. आता तिला पेटी मिळण्यापेक्षा ही वणवण संपलेली हवी होती.

आबा मात्र ताजेतवाने दिसत होते. धुतलेलं धोतर, कडक इस्त्रीचा नेहरू शर्ट, खिशाला पेन. आबाराव मास्तर शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या भागात त्यांना ओळखत ते शाळेमुळं नव्हे, पेटीमुळं. भूकंपानंतर सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं, तेव्हा संध्याकाळी मधल्या मोकळ्या जागेत पेटी मांडून त्यांनी लोकांना भीमगीतं म्हणायला बसवलं होतं. ज्यांच्या घरातली माणसं गेली ती माणसंही येऊन बसायची. त्यातूनच पुढं गायन पार्टी उभी राहिली. आता गायची संघप्रिया, ढोलकीला तिचा नवरा सुगत, आणि पेटीला अजूनही आबाच.

यंदाच्या जयंतीला भर स्टेजवर पेटीनं दगा दिला. अंतऱ्याच्या मध्यात भात्यानं श्वास टाकला, तो परत घेतलाच नाही. संघप्रियानं उरलेलं गाणं नुसत्या ढोलकीवर ओढलं. दुरुस्तीवाल्यानं पेटी उघडली आणि तसंच झाकण लावलं. लाकूड आतून किड्यांनी खाल्लं होतं.

नवी घ्यावी म्हटलं तर आबा ऐकेनात. "नव्या पेटीला आवाज असतोय, गळा नसतोय," म्हणायचे. त्यांना जुनी पेटी हवी होती, जर्मन सुरांची. आतल्या पितळी पात्या, ज्यांची जीभ थरथरून आवाज निघतो, त्यांना पेटीवाले सूर म्हणतात. आणि पूर्वी बाहेरदेशातून आलेल्या त्या सुरांसारखे सूर पुन्हा झाले नाहीत, असं आबांचं ठाम मत होतं. त्यातलं त्यांना कळतही होतं. भजनी मंडळ असो, मठ असो, कुणी पेटी घ्यायला निघालं की आधी मास्तरांकडं यायचं. मास्तर स्वतःच्या तिकिटानं जायचे, पेटी वाजवून बघायचे आणि घ्या किंवा सोडा, एवढंच सांगायचे.

दिग्विजयचं दुकान बाजारपेठेच्या टोकाला होतं. घरी भरपूर जमीन, पण पोराचं मन शेतात लागलं नाही. आधी मंडप आणि साउंड सिस्टिमचा धंदा केला, मग गावोगावची जुनी वाद्यं गोळा करून विकायला लागला. मास्तरांना बघताच तो गल्ल्यावरून उठला आणि वाकून पाया पडला.

"या मास्तर. कवाधरनं वाट बघतोय. ताई, बसा. च्या सांगतो."

चहा येईपर्यंत त्यानं कापड बाजूला करून पेटी पुढं ठेवली. काळपट शिसवीची, कोपऱ्यांना पितळ, समोर इंग्रजी अक्षरांचा बिल्ला.

"एका कीर्तनकाराच्या घरातली हाय. नातवाला काय किंमत, दिली काढून. जर्मन सूर. दोघंजण येऊन बघून गेले, पर म्हणलं, मास्तरांच्या आधी कुणालाच न्हाय."

आबांनी चप्पल काढली, मांडी घातली आणि डोळे मिटून भाता उघडला. मधल्या सप्तकावर त्यांची बोटं फिरली आणि दुकानात खरोखरच एक भरीव, जुना आवाज पसरला. शेजारचा किराणावालाही मान काढून ऐकायला लागला. संघप्रियाला वाटलं, झालं. सुटलो एकदाचे. जेवून निघालं तर दिवस मावळायच्या आत लोहारा गाठू.

"हीच," आबा म्हणाले. "हिच्यावर नाव घालून ठेव आमचं."

"मी एकदा बघते, आबा," ती सवयीनं म्हणाली.

ही सवय आबांनीच लावलेली. लहानपणी ते तिला सांगायचे की पेटी घेताना आधी शेवटच्या पट्टीवर जायचं, तिथनं खाली यायचं. मधल्या पट्ट्या सगळ्याच दुकानात गोड असतात. आज आबा स्वतः वर गेलेच नव्हते, हे तिच्या ध्यानात आलं ते पेटीपुढं बसल्यावर.

ती वर गेली. मधलं सप्तक ओलांडलं तसा आवाज बदलला. बारीक झाला, मग कोरडा झाला. अगदी वरच्या दोन पट्ट्या तर पत्र्यावर खिळा ओढल्यागत किरकिरल्या. तिनं दचकून आबांकडं पाहिलं. असा बेसूर आवाज आला की आबांचं तोंड दात दुखल्यासारखं वाकडं व्हायचं. लहानपणी तिला त्यांच्या मारापेक्षा त्या तोंडाची जास्त भीती वाटायची. आता ते बशीतला चहा फुंकत होते. चेहरा शांत, समाधानी.

तिनं त्याच दोन पट्ट्या पुन्हा दाबल्या, जोरात, एकदम. दिग्विजय रस्त्याकडं बघायला लागला.

"कसा गोड गळा हाय बघ," आबा म्हणाले.

घरचा टीव्ही एवढ्या मोठ्यानं का असतो, विचारलं एक आणि आबा उत्तर दुसरंच का देतात, दाराची कडी वाजली तरी उठत का नाहीत. एक एक करून सगळं तिच्यासमोर येऊन बसलं. गावातल्या म्हाताऱ्यांना पकडून तपासणी शिबिराला पाठवणारी ती, घरात मात्र आबा आपल्या तंद्रीत असतात, एवढंच समजून चालली होती.

"उघडून बघू का आत?" तिनं दिग्विजयला विचारलं.

"बघा की. पर जुनी चीज हाय, जरा जपून."

त्यानं स्क्रू ड्रायव्हर दिला. तिनं वरची फळी काढली. मधले सूर वयानं काळवंडलेले होते, एकसारखे. वरच्या टोकाचेही काळेच होते, पण त्यांच्यावर अंगठा फिरवला तर काळं अंगठ्याला आलं आणि खालून नवं पितळ चमकलं. त्यांच्या स्क्रूंची डोकी ताजी ओरबाडलेली. बिल्ल्याची एक बाजू जराशी उचकटली होती, तिच्याखाली दुसऱ्याच मापाची दोन भोकं दिसली. तिथं कधीतरी वेगळा बिल्ला होता. जे सूर गिऱ्हाईक वाजवून बघतं ते खरे ठेवले होते, जिथं गिऱ्हाईक जात नाही तिथले बदलले होते.

"सूर अस्सल हायेत, ताई," दिग्विजय म्हणाला. आवाज अदबीचा, नजर मात्र आबांवर. "मास्तरच सांगतेत की. आजवर माझ्याकडनं गेलेल्या पेट्या मास्तरांनीच तर पास केल्यात. लोहाऱ्याच्या मल्लम्माबाईंची, शिवराजअण्णांच्या मंडळाची. हे बघा."

त्यानं मोबाइल पुढं केला. आबा डोळे मिटून पेटी वाजवत होते, याच दुकानात, याच सतरंजीवर. खाली मोठ्या अक्षरात त्यांचं नाव.

"एवढं दाखवलं का गिऱ्हाईक दुसरं काय इचारत न्हाय," तो म्हणाला.

आबांनी व्हिडिओ पाहिला आणि ते थोडे लाजले. आवडल्यासारखं हसले.

तिथंच सगळं बोलावं, असं तिला वाटलं. तोंडापर्यंत आलंही. पण किराणावाला अजून दारात उभा होता, आणि आबांच्या चेहऱ्यावरचं ते हसू गेलं नव्हतं. तिनं फळी परत बसवली.

"लई जड हाय," ती म्हणाली. "कार्यक्रमाला उचलून न्यायची जमायची न्हाय. पार्टीला इचारून सांगते."

"पार्टी म्हंजे कोण?" आबा ताडकन म्हणाले. "मी पार्टीत न्हाय का?"

"सुगतशी बोलावं लागंल, आबा."

"त्याला पेटीतलं काय कळतंय!"

तिनं चपला घातल्या. दिग्विजयनं दारापर्यंत येऊन पुन्हा मास्तरांच्या पायाला हात लावला.

परतीच्या बसमध्ये आबा खिडकीकडं तोंड करून बसले. धाराशिवला तिनं जेवायला नेलं तर अर्धी भाकरी ठेवून उठले. लोहाऱ्याची बस लागल्यावर कुठं त्यांचा राग बाहेर पडला.

"चार माणसांत माझ्या शब्दावर पाणी टाकलंस. मी बघितलेली पेटी आजवर कुणी परत केली न्हाय."

"आबा, घरी बोलू."

"घरी कशाला? उतरल्यावर मल्लम्माकडं चल. त्याच दुकानातली पेटी हाय. तुझ्या कानानं ऐक, मग बोल."

तिला कुठंच जायचं नव्हतं. तिला फक्त आडवं व्हायचं होतं. पण बापाशी वाद घालण्याइतकीही ताकद उरली नव्हती, म्हणून ती गेली.

मल्लम्मा लोहाऱ्यात स्टँडच्या मागच्या गल्लीत राहायची. मठात भजन तिच्याच गळ्यावर चालायचं. कपाळाला भस्म, हिरवं लुगडं, बोलण्यात मधेच कानडी. दारात मास्तरांना बघून ती हात जोडून, लिंगायतांच्या रीतीनं शरणार्थी करत लगबगीनं पुढं आली.

"बर्री, बर्री, या मास्तर! शरणार्थी. आज इकडं कुणीकडं?"

"जय भीम, मल्लम्मा. पोरीला तुमची पेटी ऐकवायची हाय."

मल्लम्माचा हात पदराशी थांबला. क्षणभरच. मग तिनं आतून पेटी आणली, सतरंजी टाकली आणि वाजवायला बसली. आवाज चांगला होता, मधला. ती गायलाही लागली. ते भजन संघप्रियानं मठातून लाउडस्पीकरवर कितीतरी वेळा ऐकलेलं; त्यात तिसऱ्या ओळीला मल्लम्माचा गळा वर चढतो आणि त्याच्यासाठीच लोक येतात. आज ती ओळ आली आणि मल्लम्मानं ती खालीच फिरवून घेतली. बोटं मधल्या पट्ट्यांवरून हलली नाहीत.

गाणं संपलं. मल्लम्मानं वर पाहिलं ते आबांकडं नाही, संघप्रियाकडं. आणि लगेच नजर खाली घेतली.

"लई गोड हाय," ती म्हणाली. "मास्तरांनी बघून दिलेली."

"ऐकलंस?" आबा म्हणाले.

"ऐकलं, आबा."

चहा करायच्या निमित्तानं ती मल्लम्माच्या मागं आत गेली. गॅसच्या आवाजात मल्लम्माच आधी बोलली.

"वरच्या पट्ट्या पहिल्यापासनंच किरकिरत्यात, ताई, तीन म्हैन्यात तर पार गेल्या. वाशीला फोन केला तर तो पोरगा म्हणतोय, मास्तरांना इचारा."

"मग आबांना का न्हाय सांगितलं?"

"कसं सांगू?" मल्लम्मानं साखरेचा डबा उघडला आणि चमचा हातातच धरून राहिली. "पेटीवर बोटं ठेवायला मला त्यांनीच शिकवलं. आमच्यातली माणसं तवा म्हणली होती, त्यांच्या घरी कशाला जातीस. मी गेले. त्यांनी मला कधी परकं मानलं न्हाय. आता त्यांच्या तोंडावर म्हणू व्हय, तुमचे कान गेले म्हणून? शिवराजअण्णाबी असंच म्हणाला. म्हणला, जाऊ दे, खालीच गात जाऊ."

संघप्रिया ओट्याला टेकली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्या तिला सोडून. आणि आबांच्या नावावर वाशीचा तो पोरगा अजून किती जणांना पेट्या देणार होता.

"तुम्ही गप बसलात, ते बरं केलं न्हाय," ती म्हणाली. आवाजात राग आणायचा होता, तो आलाच नाही.

"न्हाय केलं," मल्लम्मानं मान्य केलं.

चहा पिऊन ते जीपच्या थांब्यावर आले. सास्तूरची जीप भरायची होती. ड्रायव्हर टपावर सामान बांधत होता, दोन बायका आणि एक शाळेचा शिपाई आधीच बसले होते. आबांचा राग निवळला होता.

"उद्या दिग्विजयला फोन कर," ते म्हणाले. "पेटी जड असली तर असू दे. सुगत उचलंल."

"आबा, ती पेटी खोटी हाय."

"काय?"

"वरचे सूर बदललेत. मल्लम्माच्या पेटीचेपण."

"काय म्हणतीस? मोठ्यानं बोल, गाड्यांचा आवाज हाय."

रस्त्यावरनं एकही गाडी जात नव्हती. ड्रायव्हरनं दोरी आवळताना खाली पाहिलं. संघप्रियाला कळलं की हे हळू आवाजात सांगण्याची काही सोयच नाही. घरी सांगितलं असतं तरी ओरडूनच सांगावं लागलं असतं.

"तुम्हाला वरचं ऐकू येत न्हाय, आबा!" ती ओरडली. "वरच्या पट्ट्या किरकिरत होत्या. तुमच्या पुढ्यात दोनदा वाजवल्या. तुम्हाला ऐकू आल्या न्हाईत!"

जीपमधल्या बायका बोलायच्या थांबल्या. शिपायानं मान दुसरीकडं केली.

आबा उभेच राहिले. मग त्यांनी थांब्याच्या कट्ट्यावर आपलाच रुमाल अंथरला आणि सावकाश बसले. तीही शेजारी बसली.

"वरचं आधी जातंय का?" त्यांनी विचारलं.

"व्हय. वय झालं का बारीक आवाज आधी जातेत."

"म्हंजे खालचं हाय अजून."

"हाय, आबा."

"मल्लम्माला ठावं हाय?"

ती थांबली, मग तिनं मान हलवली.

"म्हणून ती ओळ तिनं खाली घेतली," आबा म्हणाले. "मला दिसलं. म्हणलं, घसा बसला असंल."

ड्रायव्हरनं हाक मारली. ते उठले. जीपमध्ये त्या बायकांनी सरकून मास्तरांना कडेची जागा दिली.

दुसऱ्या दिवशी ती ड्युटीवर जाण्याआधी आबांनी तिला फोन लावायला सांगितला. बोलायचं त्यांना होतं, पण पलीकडचं ऐकू येईना, म्हणून फोन तिच्याकडं दिला. तिनं दिग्विजयला सांगितलं की तो व्हिडिओ काढून टाक, मास्तरांचं नाव घ्यायचं नाही, आणि मल्लम्माबाईंच्या पेटीचे सूर बदलून दे.

"ताई, मी कुठं म्हणलो कुणाला जर्मन सूर म्हणून?" दिग्विजय शांतपणे म्हणाला. "मास्तर म्हणले. मी त्यांच्यावर इस्वास ठेवला."

"काल माझ्यासमोर तूच म्हणलास."

"आठवत न्हाय बघा," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

"काय म्हणला?" आबांनी विचारलं.

तिच्या मनात आलं, काहीतरी मऊ करून सांगावं. पण इतके दिवस सगळ्यांनी मिळून जे केलं होतं तेच परत झालं असतं. तिनं शब्द न् शब्द सांगितला, मोठ्यानं.

पुढच्या काही दिवसांत आबा एकटेच फिरले. ज्यांना ज्यांना पेट्या बघून दिल्या होत्या त्यांच्या दारात जाऊन सांगून आले की माझे कान राहिले नाहीत, तुमची पेटी दुसऱ्याला दाखवा. मल्लम्मा रडली. शिवराजअण्णांनी नुसता हात धरला. त्यांच्या मंडळातला एक तरणा पोरगा मात्र तोंडावर म्हणाला, मग कशाला निघता पेट्या बघायला? आबांनी घरी येऊन तेही सांगितलं. "बराबर बोलला," म्हणाले. त्या रात्री जेवले नाहीत.

दिग्विजयनं व्हिडिओ काढला, तो बऱ्याच फोननंतर. मल्लम्माचे सूर काही बदलून मिळाले नाहीत. वाशीची ती काळपट पेटी पंधरवड्यात विकली गेली. कुणाला, ते कळलं नाही.

संघप्रियानं आबांना धाराशिवला नेऊन कानाचं यंत्र बसवलं. ते चार दिवस त्यांनी घातलं. त्यातून भांड्यांचा आवाज लई येतो आणि पेटीचा पेटीसारखा येत नाही, अशी तक्रार करून डबीत ठेवून दिलं. ती परत परत सांगून दमली, मग सांगायची थांबली.

पार्टीला पेटी अजून मिळालेली नाही. कार्यक्रम ठरला की सुगत उमरग्याहून भाड्यानं आणतो. ती दर वेळी वेगळी असते, आणि दर वेळी तिचं काही ना काही बिघडलेलं असतं. परवा एका लग्नाच्या आदल्या दिवशी कार्यक्रम होता. मांडवात पेटी उतरली तसं संघप्रियानं बसून खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या वाजवल्या. आबा शेजारी बसून तिच्या तोंडाकडं बघत होते.

"कुठल्या गेल्यात?" त्यांनी विचारलं.

तिनं बोट ठेवून तीन दाखवल्या. आबांनी खिशातलं पेन काढून त्या पट्ट्यांवर बारीक ठिपके मारले, पेटी आपल्यापुढं ओढून घेतली आणि भाता उघडला. सुगतनं ढोलकीवर थाप दिली. संघप्रियाची पाठ दुखत होती आणि सकाळी आठला उपकेंद्र उघडायचं होतं. ती माइकपुढं सरकली आणि गायला लागली.